दातांच्या स्कॅनमध्ये श्वासमार्ग अरुंद दिसला, म्हणजे स्लीप ॲप्निया आहे असे समजायचे का?

कर्वेरोडकर
नमस्कार मंडळी. डाव्या बाजूच्या वरच्या दोन दाढांच्या जागी इम्प्लांट बसवायचे ठरले आहे. त्यासाठी डेंटिस्टनी टिळक रोडजवळच्या एका स्कॅन सेंटरवर सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन) काढायला पाठवले. हाडाची उंची, सायनस किती खाली आलाय, हे सगळे रिपोर्टमध्ये आहेच. पण शेवटच्या पानावर घशाचे एक रंगीत चित्र आहे. वरचा भाग हिरवा-निळा आणि पडजिभेच्या मागे लाल पट्टा. खाली लिहिलेय: किमान छेद ६८ चौरस मिमी, श्वासमार्ग अरुंद, ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाची (झोपेत घसा मिटून श्वास अडण्याच्या आजाराची) शक्यता.

वय ५२. घोरतो, हे मान्य. वजन फार नाही, रोज सकाळी तळजाईला फिरायला जातो. दुपारी जेवणानंतर डोळे जड होतात, पण ते कोणाचे होत नाहीत? आता क्लिनिकमधून सुचवताहेत की रात्री दातांवर बसवायचे, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे उपकरण करून घ्या, इम्प्लांटसोबत तेही होऊन जाईल. एका चित्रावरून एवढे ठरवता येते का? इथे डॉक्टर मंडळी आहेत, आणि ज्यांच्या घरात हा आजार आहे असेही आहेत. दोघांकडून ऐकायचे आहे.

मुळाकाठ
पहिला प्रश्न वहिनींना विचारा. झोपेत घोरणे मधेच थांबते का, आणि मग दचकून, गुदमरल्यासारखा मोठा श्वास येतो का? शेजारी झोपणाऱ्या माणसाला जे कळते ते सांगणारे मशीन मी तरी अजून पाहिलेले नाही.

दातेरी
मी ऑर्थोडॉन्टिस्ट आहे, कोथरूडला बसते. थेट उत्तर देते: सीबीसीटीवरून स्लीप ॲप्नियाचे निदान होत नाही. अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्सने २०१९ मध्ये या विषयावर श्वेतपत्रिका काढली. तिच्यात स्पष्ट म्हटले आहे की श्वासमार्गाच्या त्रिमितीय चित्रावरून निदान करू नये आणि चाळणी परीक्षा म्हणूनही ते वापरू नये. हे आमच्याच क्षेत्रातल्या संघटनेने म्हटलेय, म्हणून मला ते महत्त्वाचे वाटते.

कारण सोपे आहे. ॲप्निया म्हणजे झोपेत किमान १० सेकंद श्वास थांबणे. पूर्ण थांबणे आणि अर्धवट अडणे मिळून तासाला अशा किती घटना होतात, तो आकडा म्हणजे एएचआय. मोठ्या माणसांत ५ च्या आत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० आणि वर तीव्र. हा आकडा झोपेतच मोजावा लागतो. तुमचा स्कॅन निघाला तेव्हा तुम्ही टक्क जागे होतात, बसलेले किंवा उभे होतात, हनुवटी टेकवलेली, दात मिटलेले, आणि 'गिळू नका, हलू नका' असे सांगितलेले. मशीन डोक्याभोवती एक फेरी मारते. तेवढ्या वेळात तुम्ही श्वास आत घेतला असेल, सोडला असेल, जीभ थोडी मागे-पुढे झाली असेल. मान जरा वर उचलली तरी घशातली जागा वाढते. म्हणजे ६८ हा आकडा त्या क्षणाचा, त्या बैठकीचा आहे. रात्री दोन वाजता उताण्या झोपेत तिथे काय होते, ते त्यात नाही.

म्हणून चित्र निरुपयोगी आहे असेही नाही. खालचा जबडा मागे असणे, वरचा जबडा अरुंद असणे, मऊ टाळू लांब असणे, गळ्यातले हायॉइड हाड खाली सरकलेले असणे, या गोष्टी ॲप्नियाच्या रुग्णांत जास्त आढळतात आणि त्या स्कॅनमध्ये छान दिसतात. आशियाई लोकांत वजन बेताचे असूनही ॲप्निया सापडतो, त्यात जबड्याच्या ठेवणीचा वाटा असतो. त्यामुळे 'वजन फार नाही' यावर विसंबू नका. पण क्रम असा: आधी झोपेच्या डॉक्टरांकडे जा, स्लीप स्टडी (रात्रभर झोपेतला श्वास मोजणारी तपासणी) करा, आणि मग उपकरणाचे बघू. स्लीप स्टडीशिवाय मी तरी कोणाच्या तोंडात ते बसवत नाही.

रानवारा
दातेरीताई, +१. वाचनखूण साठवली.

निशाचर
मला हे पटत नाही, आणि जरा जोर देऊनच सांगतो. माझ्या वडिलांचा ॲप्निया कोणी पकडला? दातांच्या डॉक्टरांनी. ब्लडप्रेशरच्या तीन-तीन गोळ्या चालू, तरी आटोक्यात नाही. रात्री लघवीला उठणे म्हणजे प्रोस्टेट, असे म्हणून त्याचीही औषधे झाली. एकाही फिजिशियनने 'घोरता का' असे विचारले नाही. दाढेचा स्कॅन काढला, तिथल्या डॉक्टरांनी घसा बघितला आणि झोपेचा तपास करून घ्या म्हणून चिठ्ठी दिली. एएचआय ५१ निघाला. सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारे मशीन) लागल्यावर पहिल्यांदा त्यांनी सकाळी पेपर वाचता वाचता डुलकी घेतली नाही. आता तुम्ही म्हणता स्कॅन चाळणी म्हणूनसुद्धा वापरू नये. मग बाबांसारख्यांचे काय?

दातेरी
निशाचर, तुमच्या वडिलांच्या डॉक्टरांनी अगदी योग्य तेच केले. चित्र बघून शंका आली, त्यांनी चिठ्ठी दिली. चित्र बघून निदान केले नाही, उपकरणही बसवले नाही. शंका येण्यासाठी दुसऱ्याच कारणाने काढलेला स्कॅन हाताशी असेल तर डोळे झाकून का बसायचे? माझे म्हणणे दोन गोष्टींविरुद्ध आहे. निव्वळ ॲप्निया शोधायला म्हणून नवा स्कॅन काढणे ही एक. आणि 'अरुंद' किंवा 'ठीक' या शेऱ्यावर पुढचा निर्णय घेणे ही दुसरी.

वडिलांच्या बाबतीत स्कॅन नसता तरी चार प्रश्नांत शंका आली असती. जोरात घोरणे, दिवसा थकवा, कोणीतरी पाहिलेला श्वास थांबणे, रक्तदाब. आणि जोडीला वजन, पन्नाशी ओलांडलेले वय, गळ्याचा घेर, पुरुष असणे. स्टॉप-बँग नावाची ही आठ प्रश्नांची यादी २००८ मध्ये आली. डेंटल चेअरवर पेशंट बसला की पाच मिनिटांत भरून होते. माणसे फिजिशियनपेक्षा आमच्याकडे जास्त वेळा आणि जास्त वेळ तोंड उघडून बसतात, त्यामुळे ही यादी आम्हीच विचारायला हवी असे माझे ठाम मत आहे.

सुगंधा
'ठीक' या शेऱ्याबद्दल लिहिलेत म्हणून सांगते. यांच्या बाबतीत नेमके उलटे झाले. अक्कलदाढेसाठी स्कॅन झाला होता, त्यात 'श्वासमार्ग सामान्य' असे लिहून आले. मी कित्येक महिने मागे लागले होते की तुमचा श्वास अडतो, दाखवा. तो रिपोर्ट आला आणि विषयच संपला! कपाटावर फाइल, आणि रात्री मी त्यांच्या कुशीला कोपर लावून जागी. मग एकदा एक्स्प्रेसवेवर खंडाळ्याच्या अलीकडे गाडी लेन सोडून सरकली, शेजारी मी होते म्हणून ओरडले. त्यानंतर स्लीप स्टडी झाला. एएचआय ३८, आणि रक्तातला ऑक्सिजन ७४ टक्क्यांपर्यंत उतरत होता.

अरुंद म्हटल्याने माणूस घाबरून का होईना डॉक्टरकडे तरी जातो. सामान्य म्हटल्याने तो निर्धास्त होतो. मला दुसऱ्याची जास्त भीती वाटते.

निशाचर
सुगंधाताई, हे वाचून गप्प झालो. ही बाजू माझ्या डोक्यात आली नव्हती. काका आता बरे आहेत ना?

सुगंधा
हो, उत्तम. मास्कची सवय व्हायला वेळ लागला, आता मशीन घेतल्याशिवाय गावालाही जात नाहीत.

प्रवाही
मी डॉक्टर नाही. चाकणला एका गाड्यांच्या कंपनीत हवेच्या प्रवाहाचे गणित करतो. रेडिएटरमधून, एसीच्या नळ्यांमधून हवा कशी जाते ते संगणकावर सोडवायचे, हे रोजचे काम. सुगंधाताईंनी लिहिले ते कसे घडू शकते, ते आमच्या बाजूने सांगतो.

ताठ भिंतीची नळी आणि संथ प्रवाह असेल तर रोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी केली की रोध १६ पट. त्यामुळे अरुंद जागा दिसली की 'इथेच घोळ' असे वाटणे स्वाभाविक आहे. पण घसा ताठ नसतो. नाकाच्या मागच्या पोकळीला हाडाचा आधार आहे, खाली श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्या आहेत, मधल्या भागाला मात्र फक्त स्नायू. नीरा पिताना पातळ कागदी स्ट्रॉ भिजली आणि जोरात ओढले की ती मधेच चिकटते, तसे. ती सुरुवातीला किती रुंद होती यापेक्षा भिंत किती मऊ झाली आणि तुम्ही किती जोराने ओढता, यावर चिकटणे ठरते. भिंत ज्या दाबाला मिटते त्याला क्रिटिकल क्लोजिंग प्रेशर म्हणतात. निरोगी माणसात तो वातावरणाच्या दाबापेक्षा बराच खाली असतो, म्हणजे घसा मिटायला चांगलीच ओढ लागते. तीव्र ॲप्नियात तो वातावरणाच्या दाबाच्या आसपास किंवा वर असतो, म्हणजे स्नायू सैलावले की घसा आपोआप मिटतो. जागेपणी जिभेचा मोठा स्नायू, जिनिओग्लॉसस, जीभ पुढे ओढून जागा राखतो. झोपेत त्याचा ताण कमी होतो.

स्कॅनमध्ये भिंतीची जागा कळते. तिचा मऊपणा, स्नायूचा ताण, दाब, यातले काहीच कळत नाही. स्कॅनवरून प्रवाहाचे सिम्युलेशन करणारे पुष्कळ पेपर आहेत, दाब कुठे पडतो ते सुंदर दाखवतात. पण भिंत ताठ धरली असेल तर घसा मिटताना दिसणारच नाही, कारण गणितात मिटण्याची परवानगीच दिलेली नाही. भिंत हलती ठेवून सोडवायचे तर ऊतींचे गुणधर्म माणसागणिक लागतात, आणि ते मोजणे अवघड.

मुळाकाठ
प्रवाही, पुण्यातल्या गाड्यांना मिळते तेवढे लक्ष पुण्यातल्या घशांना मिळाले तर बरे होईल :)

ढोलताशा
दगडूशेठसमोर वादन करणाऱ्या आमच्या पथकात एक दादा शंख वाजवतात. ते म्हणतात शंख वाजवायला लागल्यापासून घोरणे कमी झाले. खरे असू शकते का?

प्रवाही
असू शकते. ऑस्ट्रेलियातले आदिवासी डिजरिडू नावाचे लांब लाकडी वाद्य फुंकतात. ते शिकवून मध्यम ॲप्नियाच्या रुग्णांवर स्वित्झर्लंडमध्ये अभ्यास झाला, २००६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. दिवसाची झोप आणि एएचआय दोन्ही घटले. अलीकडे जयपूरच्या डॉक्टरांनी शंखावर तसाच छोटा प्रयोग केला, त्यातही फायदा दिसला. घशाच्या स्नायूंचा व्यायाम होतो, हे कारण सांगतात. अभ्यास लहान आहेत, पण दिशा पटण्यासारखी आहे.

सुगंधा
आमच्या सोसायटीत पहाटे शंख सुरू झाला तर बाकीच्या सर्वांची झोप जाईल, त्याचा अभ्यास कोण करणार? :)

अनघा_सातारारोड
मला मुलाबद्दल विचारायचेय. सात वर्षांचा आहे, तोंड उघडे टाकून झोपतो, घोरतो, अंथरुणात गोल गोल फिरतो, शाळेत लक्ष नाही म्हणून तक्रार. एका ठिकाणी सीबीसीटी काढून टाळू रुंद करायचे उपकरण सुचवलेय. काढू का स्कॅन?

क्षकिरण
मी रेडिऑलॉजीत आहे. अनघाताई, थांबा. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. मुलांमध्ये सर्वात मोठे कारण टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकाच्या मागची गाठ) वाढणे हे असते आणि ते बघायला तपासणी, फार तर दुर्बीण किंवा बाजूने काढलेला साधा एक्स-रे पुरतो. मुलांत एएचआय १ च्या वर गेला तरी तो दखलपात्र मानतात, मोठ्यांचे आकडे त्याला लावू नका.

डोसबद्दल इथे कोणीच बोलले नाही म्हणून लिहितो. दातांचा नेहमीचा ओपीजी (सगळ्या दातांचा एकत्र सपाट एक्स-रे) साधारण १० ते २५ मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे किरणांचा डोस मोजायचे एकक. सीबीसीटी मशीन आणि किती भाग घेतला त्यानुसार काही दहांपासून काही शेकड्यांपर्यंत, कधी हजाराजवळ. डोक्याचा हॉस्पिटलमधला सीटी साधारण २०००. निसर्गातूनच माणसाला वर्षाला जगभरच्या सरासरीने २४०० मिळतात. म्हणजे मोठ्या माणसाने इम्प्लांटसाठी एकदा स्कॅन केला तर घाबरायचे कारण नाही. पण मुलांच्या ऊती जास्त संवेदनशील, पुढे आयुष्य लांब, त्यामुळे कारणाशिवाय काढू नये, हा नियम मुलांना आणखी कडक लागतो. आपल्याकडे ही मशीन्स एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) परवान्यानेच चालवायची असतात. स्कॅन सेंटरवर परवाना लावलेला आहे का ते बघायला संकोच करू नका.

दातेरी
अनघाताई, क्षकिरण यांच्याशी पूर्ण सहमत. टाळू रुंद करण्याचा उपयोग होतो, पण टाळू खरोखर अरुंद असेल तर. ते तोंडात बघून आणि दातांचे माप घेऊन कळते. आधी टॉन्सिल.

अनघा_सातारारोड
धन्यवाद दोघांनाही. उद्याच ईएनटीची वेळ घेते.

पीजी_दुसरे_वर्ष
हा धागा माझ्यासाठीच निघालाय असे वाटतेय. मी इथल्याच एका डेंटल कॉलेजमध्ये ओरल रेडिऑलॉजीत पीजी करतोय. थिसिसचा विषय हाच: सीबीसीटीवर ॲप्निया असलेल्या आणि नसलेल्यांचा श्वासमार्ग. विभागात इम्प्लांट आणि ब्रेसेससाठी काढलेले स्कॅन ढिगाने पडलेत. ते उघडून घशाचे आकारमान मोजायचे, असा विचार होता. दातेरी मॅडमचे वाचून धाकधूक वाढली. विषय बदलू का?

दातेरी
बदलू नकोस, मजबूत कर. आमच्या क्षेत्राला या कामाची गरज आहे, पण ते काळजीपूर्वक झालेले हवे.

पहिली गोष्ट, ज्यांचा स्लीप स्टडी झालेलाच नाही त्यांना 'ॲप्निया नसलेले' म्हणता येत नाही. घोरत नाही असे सांगणारा एकटा राहत असेल! दोन्ही गटांचा झोपेचा तपास हवा. दुसरी, वजन आणि वय सारखे हवे. सीबीसीटीवरचा नेहमी उल्लेखला जाणारा एक अभ्यास २००७ मधला ओगावा आणि सहकाऱ्यांचा आहे. ॲप्निया असलेले १०, नसलेले १०. किमान छेद सरासरीने ४६ विरुद्ध १४७ चौरस मिमी आला. आकडे बघून वाटते, संपला विषय. पण ॲप्नियावाल्यांचे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) साडेएकोणतीसच्या आसपास होते आणि दुसऱ्यांचे तेवीसच्या. मग फरक ॲप्नियाचा किती आणि वजनाचा किती? शिवाय निरोगी गटातली माणसे आपसातच इतकी वेगळी होती की १४७ ही सरासरी कोणा एकाला लावून उपयोग नाही. कर्वेरोडकरांचे ६८ दोन्हींच्या मधे बसते आणि त्यावरून काहीच ठरत नाही, ते यासाठीच.

क्षकिरण
यात माझी भर. जुने स्कॅन घेणार असशील तर आधी बघ, त्यात घसा पूर्ण आलाय का. इम्प्लांटचा स्कॅन बहुतेक वेळा फक्त जबड्यापुरता घेतात, एपिग्लॉटिसपर्यंत (श्वासनलिकेच्या तोंडावरच्या झाकणीपर्यंत) जातच नाही. अर्धा घसा मोजून आकारमान लिहिले तर त्याला अर्थ नाही. वरची आणि खालची सीमा कुठल्या खुणांवर धरलीस ते लिही, कारण प्रत्येक पेपरमध्ये ती वेगळी असते आणि मग दोन अभ्यास ताडून बघता येत नाहीत.

मापातही गफलत होते. सीबीसीटीत हवा आणि ऊती यांच्यातली कड स्वच्छ दिसते, पण करड्या छटांचे आकडे मशीनगणिक बदलतात, हॉस्पिटलच्या सीटीसारखे ते पक्के नसतात. हवेसाठी थ्रेशोल्ड (कुठल्या छटेपर्यंत हवा मानायची ती सीमा) किती धरला त्यावर आकारमान बदलते, सॉफ्टवेअर बदलले की आणखी बदलते. एकाच स्कॅनवर स्वतः दोनदा माप, काही दिवसांच्या अंतराने, आणि मग दुसऱ्या कोणाकडून मापून घे. आणि मोजणाऱ्याला कोण कुठल्या गटातला ते माहीत नसावे.

पीजी_दुसरे_वर्ष
सर, मऊ ऊती दिसत नाहीत ही मर्यादा कशी भरून काढायची? जिभेतली चरबी वगैरे?

क्षकिरण
सीबीसीटीने नाही भरता येणार, ते एमआरआयचे काम. श्वाब यांच्या गटाने २००३ मध्ये एमआरआयवर दाखवले की जिभेचे आणि घशाच्या बाजूच्या भिंतींचे आकारमान हे ॲप्नियाचे स्वतंत्र धोके आहेत. २०२० मध्ये त्याच गटाने दाखवले की वजन उतरल्यावर ॲप्निया सुधारतो त्यात जिभेतली चरबी घटण्याचा मोठा हात असतो. एमआरआय आडवे झोपवून निघतो, किरण नाहीत, वेळ मात्र लागतो आणि खर्चही. तुझ्या थिसिसमध्ये आकारमानाइतकेच महत्त्व आकाराला दे. ॲप्नियात घसा बाजूंनी दाबला गेलेला दिसतो, आडवा लंबगोल असायचा तो पुढून मागे लांबट होतो. कड दिसते म्हटल्यावर हे सीबीसीटीवरही मोजता येते, आणि एकूण आकारमानापेक्षा मला ते जास्त बोलके वाटते.

प्रवाही
आणि बसून काढलास की झोपवून, ते प्रत्येक स्कॅनसमोर नोंदव. सुरुवातीच्या काही सीबीसीटी मशीनमध्ये माणसाला आडवे झोपवत, आता बहुतेक बसवून किंवा उभे. दोन्ही एका तक्त्यात घातलेस तर तुला आजाराऐवजी गुरुत्वाकर्षण सापडेल.

पीजी_दुसरे_वर्ष
हे वाक्य गाइडसरांना ऐकवतो! एथिक्स कमिटीत हाही प्रश्न आला होता की इम्प्लांटसाठी काढलेला स्कॅन संशोधनाला वापरताना पेशंटची संमती आहे का. आमच्या फॉर्ममध्ये तसे कलम आहे, पण ते वाचून सही किती जण करतात कोण जाणे.

रानवारा
मी करतो वाचून. आणि माझा घसा घ्या, खुशाल मोजा.

घाटमाथा
टॅक्सी चालवतो, पुणे-मुंबई. धागा मुलीने वाचून दाखवला. एकच सांगायचे आहे. आमच्यात स्टिअरिंगवर झोप लागणारे खूप आहेत, चहा-तंबाखूवर रेटतात. हा आजार असतो हे कोणाला माहीतच नाही. स्कॅन नको, काही नको, नुसते घोरता का एवढे लायसन्स रिन्यू करताना कोणी विचारले तरी पुष्कळ होईल.

सुगंधा
घाटमाथा भाऊ, अगदी खरे. अंगावर काटा आला.

कर्वेरोडकर
सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोला विचारले, ती म्हणाली, 'श्वास थांबतो तेव्हा मी मोजत बसते, हे तुम्हाला आत्ता सुचले विचारायचे?' झोपेच्या डॉक्टरांना दाखवले, घरी लावायचा स्लीप स्टडी केला. एएचआय २४, उताणे झोपल्यावर त्याहून जास्त, कुशीवर बराच कमी. डॉक्टरांनी सीपॅप आणि दातांचे उपकरण दोन्ही पर्याय समजावले. मग आता ते उपकरण केले तर चालेल ना? आणि चालणार की नाही हे माझ्या स्कॅनवरून आधी कळेल का?

दातेरी
मध्यम ॲप्निया, वजन आटोक्यात, कुशीवर कमी. तुमच्यासारख्यांना उपकरणाचा फायदा होण्याची शक्यता चांगली असते. तरी सीपॅप हा पहिला पर्याय समजून एकदा वापरून बघा. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी तो पहिल्यांदा वापरला, तेव्हापासून एएचआय उतरवण्यात त्याच्या तोडीचे काही आलेले नाही. पण मास्क ज्यांना सोसत नाही, जे रात्री काढून ठेवतात, त्यांच्यासाठी रोज खरोखर वापरले जाणारे उपकरण कधीही चांगले.

उपकरण करायचे तर तुमच्या दातांच्या मापाचे आणि जबडा थोडा थोडा पुढे सरकवता येईल असेच करा. तयार गरम पाण्यात मऊ करून दाबायचे मिळते ते नको. इम्प्लांट आधी पक्के होऊ द्या, नाहीतर उपकरण पुन्हा करावे लागेल. सुरुवातीला कानापुढचा सांधा दुखतो, लाळ जास्त येते. काही वर्षांत चावा बदलू शकतो, म्हणून नियमित दाखवायला हवे. आणि उपकरण तोंडात ठेवून स्लीप स्टडी पुन्हा करायचाच. घोरणे थांबले म्हणजे ॲप्निया थांबला असे होत नाही.

स्कॅनवरून यश आधी कळते का? भरवशाने नाही. जबडा पुढे घेतल्यावर पडजिभेमागची जागा बाजूंनी रुंदावते असे स्कॅनमध्ये दिसते, पण ते जागेपणी. औषधाने झोपवून दुर्बिणीने घसा कुठे मिटतो ते बघतात, ती तपासणी जास्त बोलते, पण प्रत्येकाला तिची गरज नसते. दोन्ही जबडे पुढे आणण्याच्या शस्त्रक्रियेत मात्र सीबीसीटी फार उपयोगी पडतो. हाड किती मिलिमीटर सरकवायचे, नस कुठून जाते, हे त्यावर बघून ठरवता येते. तुम्हाला ती लागणार नाही असे दिसतेय.

निशाचर
म्हणजे घसा बघायला पुन्हा स्कॅन नको?

दातेरी
अजिबात नको. आहे तीच सीडी झोपेच्या डॉक्टरांना द्या.

क्षकिरण
कर्वेरोडकर, रिपोर्टमध्ये एक गोष्ट मात्र शोधा. घसा दिसेल इतका मोठा भाग घेतला असेल तर गळ्याच्या दोन्ही बाजूंना, मानेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या पातळीवर, कॅरोटिड धमनी दुभागते तो भागही स्कॅनमध्ये आलेला असू शकतो. तिच्या भिंतीत कॅल्शियम साचले असेल तर पांढरे ठिपके दिसतात. ॲप्निया आणि रक्तदाब असलेल्यांत पक्षाघाताचा धोका वाढलेला असतो, त्यामुळे रंगीत चित्रापेक्षा हे ठिपके मला जास्त महत्त्वाचे वाटतात. त्याबद्दल काही लिहिले नसेल तर स्कॅन सेंटरच्या रेडिऑलॉजिस्टना फोन करून तेवढा भाग पुन्हा बघायला सांगा. ठिपके असले तर गळ्याची डॉपलर सोनोग्राफी करून घ्या.

कर्वेरोडकर
रिपोर्ट पुन्हा वाचला. त्यात कॅरोटिडचा उल्लेखच नाही. सोमवारी सेंटर उघडल्यावर फोन करतो, आणि संध्याकाळी सीडी घेऊन झोपेच्या डॉक्टरांकडे जातो.